न लागलेले फोन मोजताना

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही गावच्या शाळेत. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला आजही कळत नाही. अक्षर तर असं की मीच लिहिलेलं मला दुसऱ्या दिवशी लागत नाही. प्राची, माझी मुलगी, म्हणते, "आई, तू लिही गं, तपासणार कोण आहे?" तरी लाज वाटतेच. पण आमच्या चाळीतल्या निम्म्या बायकांनी अजून बोरिवली बघितलेली नाही. मी बघून आले, तर चार ओळी लिहून ठेवायला काय हरकत आहे, असं वाटलं.

भांडुपहून बोरिवली काही लांब नाही, हे मलाही माहीत आहे. पण लग्न होऊन कणकवलीकडून आले ती भांडुपलाच राहिले. बाजार इथे, दवाखाना इथे, मुलीची शाळा इथे. माझी मुंबई तेवढीच होती.

निघाले ते पैशासाठी. प्राचीच्या नर्सिंगची फी भरायच्या वेळी बोरिवलीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी स्वतःच्या गळ्यातली चेन मोडून पैसे दिले होते. एकदाही परत मागितले नाहीत. आम्ही थोडे थोडे फेडत होतो, तरी बरेच राहिले होते. मग त्यांच्या मुलाचा साखरपुडा झाला, भांडुपलाच, आमच्या सासरच्या घरी. तिथे कुणीतरी त्यांना विचारलं, "चेन कुठाय गं? आजच्या दिवशी तरी घालायची." जाऊबाई म्हणाल्या, "लॉकरला आहे. कोण काढत बसणार?" मी मागेच वाढत उभी होते. हातातली पुरीची परात तशीच घेऊन आत गेले. लग्नाआधी त्यांचे सगळे पैसे द्यायचे, हे मी त्या स्वयंपाकघरात ठरवलं.

त्याच सुमाराला शेजारणीकडून हे काम कळलं. मोबाइल कंपनीला उपनगरात नवीन टॉवर लावायचे होते. कुठे किती लागतील, हे शोधायचं काम एका ठेकेदाराकडे होतं. घरोघर जाऊन लोक फोन किती वापरतात ते विचारायचं आणि उत्तरं फोनमध्येच भरायची. बाया हव्या होत्या, कारण दुपारी पुरुषाला दार कोण उघडणार? प्रश्न मराठीत होते आणि उत्तरावर बोट ठेवलं की झालं. प्राचीने शिकवलं. मी अनोळखी माणसाशी बोलत नाही, हे सगळ्या घराला माहीत. प्राचीचे बाबा म्हणाले, "तू आणि लोकांना प्रश्न विचारणार?" सकाळी मी डबा भरून निघाले.

मुलुंड

पहिला मुक्काम मुलुंड. बस जिथे थांबली तिथून वर बघितलं तर मान दुखेल एवढ्या उंच बिल्डिंगा. आमच्याकडे माणूस दारातून हाक मारतो आणि आत येतो. इथे गेटवर नाव सांगायचं, वॉचमन वरती फोन करणार, वरून हो म्हणाले तर जायचं, तेही सामानाच्या लिफ्टने. बरोबर केतकी होती म्हणून निभावलं. केतकी इंजिनियर, मुलुंडचीच, प्राचीपेक्षा थोडी मोठी. तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये बरेच फोन होते. ती चालायची आणि ते आपोआप रेंज मोजायचे.

लिफ्टमध्ये मी पाठ केलेलं वाक्य मनात म्हणत होते. "नमस्कार, मी मोबाइलच्या सर्वेक्षणासाठी आले आहे." पहिलं दार उघडलं. समोर एक आजी. मी म्हटलं, "नमस्कार, मी मोबाइल." आणि पुढचं सगळं गेलं.

आजींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बॅटरी उतरलेली दिसतेय," म्हणाल्या. "ये आत, पाणी घे."

आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः कॉलेजच्या मुलासारखे ताठ बसून उत्तरं दिली. मुलगा अमेरिकेत, त्याच्याशी रोज सकाळी बोलतात. बोलताना चित्र थांबतं, मग आजी फोन घेऊन बाल्कनीत जातात. "तिकडे तो झोपायला आलेला असतो आणि इकडे ही कुंड्यांमधून त्याला शोधत असते," आजोबा म्हणाले. आजींनी गरम थालीपीठ आणि लोणी दिलं. मी नको नको म्हणत दोन खाल्ली.

खाली उतरल्यावर केतकीने मला कामाचं मर्म सांगितलं. आपल्याकडे पाणी सकाळी येतं आणि सगळे नळ एकदम सुटतात, बरोबर? टाकी बांधायची तर दिवसभराचा हिशेब उपयोगाचा नाही, त्या गर्दीच्या वेळेला पुरेल एवढी हवी. फोनचंही तसंच. माणसं किती, कुठल्या तासाला सगळी एकदम फोन धरतात आणि प्रत्येक जण किती वेळ धरतो, एवढं कळलं की टॉवर ठरतो.

"मग ते टॉवरलाच कळत असेल ना?" मी विचारलं. फोनवरून न वाचलेला, माझा त्या दिवसाचा पहिला प्रश्न.

"टॉवरला फक्त लागलेले फोन दिसतात, मावशी. ज्याने दोनदा लावला आणि वैतागून ठेवून दिला, तो टॉवरच्या हिशेबात येतच नाही. तो तुम्ही शोधायचा."

हे मला फार आवडलं. न लागलेले फोन शोधायचे. काम पहिल्यांदा माझ्या ओळखीचं वाटलं.

घाटकोपर

घाटकोपरला माझ्या वाट्याला एक गुजराती वस्तीची गल्ली आली. चपला दाराच्या बऱ्याच अलीकडे काढायच्या, हे मी दुसऱ्या घरी शिकले. पहिल्या घरी ओरडा खाल्ला. आपण पाहुण्याला पाणी देतो आणि काय काम काढलंत म्हणून विचारतो. इथे पाणी दिलं, मग थेपला आणि कैरीचा छुंदा दिला, मग चहा, आणि मी उठायला लागले तेव्हा आठवलं की मी कशाला आले होते. माझं हिंदी म्हणजे आनंदच. पण त्या घरच्या बा, म्हणजे सासूबाई, माझ्यापेक्षा वाईट हिंदी बोलत होत्या, त्यामुळे आमचं छान जमलं.

त्या बा संध्याकाळी फोनवर भजन करतात. बारा घरच्या बायका आपापल्या स्वयंपाकघरात फोन उभा करून बसतात आणि एकदम गातात. एकदम म्हणजे त्यांच्या मते. मी थांबून ऐकलं तर एक पुढे, एक मागे, एकीची टाळी दुसरीच्या ओळीवर. बा वैतागून मला म्हणाल्या, "आ नेटवर्क में भगवान भी सो जाय." मी हसू दाबत बोट ठेवलं: संध्याकाळ, रोज, खूप वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून अंधेरीकडे मेट्रोने गेलो. मी पहिल्यांदाच बसले. ती लोकांच्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जाते. कुणाच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर, कुणाच्या गच्चीवर पापड, एक माणूस दाढी करताना. इतक्या लोकांच्या घरात एकदम डोकावल्यासारखं झालं आणि मी उगाचच नजर खाली घातली. केतकी म्हणाली, "मावशी, बघा बिनधास्त. हे सगळे आपले ग्राहक." त्या क्षणी मला वाटलं, हे काम मला जमतंय.

वाकोला

वाकोल्याला बसमधून उतरलो तेव्हा बरं वाटलं. भांडुपसारखंच. एकाला एक चिकटलेल्या खोल्या, दारात बसलेल्या बायका, गल्लीत सायकलवर मासे घेऊन फिरणारी कोळीण. तिने आमच्यासमोर एका आजींना बोंबील विकायचा प्रयत्न केला. आजी म्हणाल्या, "हे बोंबील आहेत की दोऱ्या?" कोळीण म्हणाली, "दात नाहीत तुला म्हातारे, दोऱ्याच चाव." दोघी हसल्या आणि व्यवहार झाला. इथे गेट नाही, लिफ्ट नाही. केतकी दुसऱ्या गल्लीत गेली आणि मी एकटीने कामाला सुरुवात केली.

त्याच आजींचं घर पहिलं. आजी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. आत सून, रेश्मा, भाकऱ्या थापत होती. मी प्रश्न वाचला.

"आमच्या घरात ते वेड नाही हो," आजी म्हणाल्या. "ही बिचारी तर फोनला हात लावत नाही."

रेश्माने आतून मान हलवली. "माझं कसलं बोलणं? चार दिवसांनी आईला एक फोन."

"आणि आजी, तुम्ही?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

मी बोट ठेवलं: कमी, कमी. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. सासू दारात, सून चुलीशी, आणि फोन म्हणजे पोरांचं खूळ. मला वाटलं, किती साध्या बायका आहेत. मला काहीच खटकलं नाही, कारण मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. प्राचीच्या बाबांसमोर मी रोज सांगतेच, "मी कुठे बघते फोन?" आणि ते कामाला गेले की गावच्या बहिणीशी भांडी घासून होईपर्यंत बोलते.

भरभर घरं झाली. मी खूश.

दिंडोशी

दिंडोशीच्या वसाहतीत एक मालवणी काकू भेटल्या. सासरे गिरणीत होते, गिरणी गेली, मुलगा आता विमानतळावर सामान चढवतो. मी नाव सांगताच त्यांनी विचारलं, "खंयसून इलंस गो?" कणकवली म्हटल्यावर मग सुटका नाही. "बस. दोन घावणे खा नि मगे जा." काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे. त्यांच्याकडे फोनची तक्रार वेगळीच. मुलगा कामावरून फोन करतो की आज रात्री थांबतोय, तो फोन येत नाही आणि काकू जेवण झाकून बसून राहतात.

तिथेच फोन आला. साळवी साहेबांचा. ठेकेदाराचे ते मुख्य माणूस, त्यांचं ऑफिस जवळच एका गाळ्यात होतं. "ताबडतोब या," म्हणाले.

गेले तर केतकी आधीच उभी होती, चेहरा पडलेला. साहेबांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"वाकोल्याच्या तुमच्या उत्तरात कुणी फोनच वापरत नाही. आणि केतकीच्या मोजणीत तिथला टॉवर दुपारी गच्च भरलेला. काय भुतं बोलतायत का तिथे?"

मी कॉम्प्युटरकडे बघितलं, तिथे नुसते आकडे.

"खरं सांगा, गेला होतात की घरी बसून बटणं दाबली?"

"सर, त्या गेल्या होत्या," केतकी म्हणाली. "फोनमध्ये जागा दिसते ना प्रत्येक घराची."

"मग जाऊन काय उपयोग झाला? हे कंपनीला पाठवलं तर माझी वाट लागेल. तुमच्या कामाचं बिल मी पास करू शकत नाही. वाकोल्याचंच नाही, सगळंच अडकतं, कारण रिपोर्ट एकत्र जातो." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "मावशी, तुम्हाला हे झेपत नसेल तर सांगा. बोरिवलीला मी दुसरी बाई पाठवतो."

मी खाली, त्यांच्या टेबलाच्या पायाकडे बघत होते. मला जाऊबाईंचा तो रिकामा गळा दिसला. 'लॉकरला आहे' म्हणताना त्यांनी पदर सारखा केला होता, तेही आठवलं.

"मी परत जाते," म्हटलं.

"परत जायचे पैसे नाही मिळणार."

"नको. पण बोरिवली मीच करणार."

साहेबांनी केतकीकडे बघितलं. केतकी छताकडे बघत होती. "जा," साहेब म्हणाले. "पण या वेळी खरं आणा."

बाहेर येऊन बस डेपोच्या कठड्यावर बसलो. केतकीने भजीपाव आणला. मी म्हटलं, "त्या बायका खोटारड्या नाहीत गं. सासूसमोर कोण सांगेल?"

"मग सासू नसताना विचारायचं?"

"आणि सासू सुनेसमोर सांगेल का?"

केतकी चावता चावता थांबली. "आपला प्रश्नच चुकलाय," ती म्हणाली. "किती वापरता असं विचारलं की ते चौकशी केल्यासारखं वाटतं. आणि आपण एका घराचं एकच उत्तर घेतो. मी फोनमध्ये प्रत्येक माणसाचं वेगळं घेते करून. पण विचारायचं कसं, ते मला नाही सुचत."

मला त्या काकूंचं झाकलेलं जेवण आठवलं. त्यांना मी किती वापरता विचारायच्या आधीच त्यांनी काय अडतं ते सांगितलं होतं. "फोन नाही लागला की काय खोळंबतं, ते विचारूया?" मी म्हटलं. "मी विचारते आणि तू किती वेळ ते काढ. तुला बरोबर काढता येतं."

वाकोला, पुन्हा

आम्ही दुपारी गेलो, टॉवर भरतो त्या वेळेला. उंबऱ्यावर आजी नव्हत्या. रेश्मा आत पलंगावर साड्या पसरून एकेकीचा फोटो काढत होती. मला बघून दचकली आणि चादर ओढली.

"परत?"

"परत," मी म्हटलं. "मागच्या वेळी मी चुकीचं विचारलं. फोन नाही लागला की तुझं काय खोळंबतं, तेवढंच सांग."

तिने दाराकडे बघितलं, चादर बाजूला केली. मग म्हणाली, "धंदा खोळंबतो." साड्या विकते. गल्लीतल्या आणि बाहेरच्या बायकांचा ग्रुप आहे, दुपारी फोटो टाकते, त्या बघतात, भाव करतात. फोटो जात नाहीत तेव्हा गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. "सासूबाई देवळात जातात तेवढाच वेळ मिळतो. त्यांना सांगू नका हं. त्यांना वाटतं पैसे माझ्या भावाकडून येतात."

केतकीने हळूच विचारलं, "किती फोटो जातात? आणि किती परत टाकावे लागतात?" रेश्माला आता बोलायला मिळालं होतं. तिने सगळं सांगितलं. गल्लीतल्या कितीतरी जणी त्याच वेळी फोनवर असतात, हेही सांगितलं. कुणी माहेरी बोलते, कुणी शिकवणी लावली आहे, कुणी मालिकेचा राहिलेला भाग बघते. सगळ्यांच्या सासवा त्याच वेळी देवळात जातात ना.

मग आम्ही देवळात गेलो. कट्ट्यावर आजी आणि त्यांच्या मैत्रिणी ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात फोन. एकीचं कीर्तन चालू, दुसरीचा नातू दुबईहून दात दाखवत होता. आमच्या आजी राजापूरच्या बहिणीशी बोलत होत्या, कुणाच्या तरी लग्नासाठी पत्रिका जुळते की नाही यावर.

मी समोर उभी राहिले. आजींनी फोन पदरात घातला. पदरातून बहीण विचारत होती, "काय गं, गेलीस कुठे?"

"आजी, सुनेला नाही सांगणार," मी म्हटलं.

त्या आधी रागावल्यासारख्या झाल्या, मग शेजारणीला कोपर मारलं आणि हसत सुटल्या. "सूनबाईला वाटतं मी जप करते," म्हणाल्या. "लिही बाई. फोन लागला नाही की माझा जीव खोळंबतो."

आम्ही गल्ली पुरती फिरलो. दार सोडलं नाही. नळावर, पिठाच्या गिरणीत, देवळाच्या कट्ट्यावर, जी जिथे एकटी भेटेल तिथे. एका घरी तोंडावर दार आपटलं. मी थोडं थांबून पुन्हा वाजवलं. असं मी आयुष्यात केलं नव्हतं. पाय सुजले. चप्पल तुटली, ती केतकीच्या केसांच्या रबराने बांधली.

साहेबांनी नवी उत्तरं बघितली, केतकीच्या मोजणीशेजारी ठेवली. "जुळतंय," म्हणाले. केतकीने त्यांना सांगितलं की लांबच्या एका उंच टॉवरने इथे भागायचं नाही, गल्लीगल्लीत छोट्या टॉवरचे डबे लावावे लागतील आणि हिशेब दुपारचा धरावा लागेल. मला त्यातलं निम्मं कळलं. साहेब मला म्हणाले, "बोरिवली उद्यापासून. आणि नवा प्रश्न सगळ्या बायांना शिकवा." शिकवायचं म्हणजे चार बायांसमोर बोलायचं. तेही केलं.

बोरिवली

बोरिवलीत डोंगर जवळ दिसतो आणि हवा वेगळी आहे. दोन इमारतींच्या मधून एकदम हिरवं जंगल दिसतं. तिथल्या एका बाईने सांगितलं की त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर बिबट्या बसतो आणि सगळी सोसायटी त्याचा फोटो एकमेकांना पाठवते, तेव्हा नेट बंद पडतं. केतकी म्हणाली, बिबट्याचा हिशेब कुठे धरायचा, ते कॉलेजात शिकवलं नाही.

काम संपलं. पैसे खात्यात आले त्या दिवशी मी दुपारी एकटीच पुन्हा बोरिवलीला गेले. जाऊबाईंच्या घरी. इतकी दारं वाजवली, पण त्यांच्या दारासमोर हात उचलायला वेळ लागला.

"तू? एकटी?" त्या म्हणाल्या. "वाट कशी सापडली गं तुला?"

"ताई, बाकीचे सगळे पैसे द्यायला आले."

"एवढ्यासाठी आलीस? बस आधी. लग्न झाल्यावर दे सावकाश."

"नाही. आत्ता. लग्नात तुमच्या गळ्यात चेन दिसली पाहिजे."

त्यांनी पदर सारखा केला. आपलं बोलणं मी साखरपुड्याच्या दिवशी ऐकलं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. मी फोन काढला, आकडा घातला, प्राचीने शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं. गोल गोल फिरत राहिलं. पुन्हा दाबायची भीती, दोनदा गेले तर? खिडकीत गेले, दारात गेले. काही नाही.

"तू नेटवाली ना?" जाऊबाई म्हणाल्या. "मग आमच्या घरी आधी नेट आण. राहू दे गं, घरी जाऊन पाठव."

"घरी नाही जाणार," मी म्हटलं. "गच्ची कुठाय?"

जिना चढून गच्चीवर गेले. कुणाच्या तरी कुरडया वाळत होत्या, त्यांच्या कडेकडेने चालत टाकीपाशी गेले आणि फोन वर धरून उभी राहिले. गोल फिरायचं थांबलं. हिरवी खूण आली. मी कठड्यावरून खाली वाकले. खालच्या मजल्याच्या खिडकीतून जाऊबाईंनी डोकं बाहेर काढून वर बघितलं. त्यांच्या हातात त्यांचा फोन होता.

"आले गं," त्या म्हणाल्या. "सगळे आले. काही राहिलं नाही."